मेडिकल कॉलेजातलं हायस्कूल

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि मग मेडिकल कॉलेजची चार वर्षं. बारावी झाली की थेट एमबीबीएस, हा आपला रस्ता तिथे नाही. त्यामुळे टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या व्हरांड्यात 1972 साली जी पोरं दिसू लागली, ती तिथे दिसायला निदान सहा-सात वर्षं अवकाश होता. जेमतेम 45 मुलं-मुली, सगळी हायस्कूलची. शाळेचं नाव ‘हायस्कूल फॉर हेल्थ प्रोफेशन्स’. शहराच्या सरकारी शाळा चालवणारं ह्यूस्टन स्कूल डिस्ट्रिक्ट आणि बेलर यांनी ती भागीदारीत काढली होती. स्वतःची इमारत नव्हती, म्हणून कॉलेजच्याच खोल्यांत वर्ग भरत.

बेलरला याचं फारसं नवल वाटायचं कारण नव्हतं. हे कॉलेज 1943 साली डॅलसहून ह्यूस्टनला आलं तेव्हा त्याचाही संसार सिअर्स कंपनीच्या जुन्या गोदामात सुरू झाला होता. कापसाच्या व्यापारात गडगंज झालेल्या मन्रो अँडरसनच्या मृत्यूनंतर त्याच्या ट्रस्टच्या पैशातून शहराच्या दक्षिणेला 134 एकर जागा घेण्यात आली आणि 1945 पासून तिथे टेक्सास मेडिकल सेंटर उभं राहू लागलं. आज ते जगातलं सर्वांत मोठं वैद्यकीय संकुल मानलं जातं. इमारती भराभर वर चढत गेल्या. माणसं मात्र पुरत नव्हती.

किती पुरत नव्हती, याचं वर्णन एका डच लेखकाने लिहून ठेवलं आहे. यान द हारटोग हा कादंबरीकार साठीच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनला आला आणि त्याने व त्याच्या बायकोने जेफरसन डेव्हिस या सरकारी इस्पितळात बिनपगारी वॉर्डबॉयची कामं धरली. इस्पितळ गोरगरिबांचं, म्हणजे मुख्यतः काळ्या आणि मेक्सिकन रुग्णांचं. तिथली घाण, गर्दी, रात्रपाळीला वॉर्ड सांभाळायला नसलेल्या नर्सा, सगळं त्याने ‘द हॉस्पिटल’ या 1964 सालच्या पुस्तकात मांडलं. शहर खजील झालं. त्याआधी मतदारांनी वारंवार नाकारलेला आरोग्य कर 1965 मध्ये मंजूर झाला आणि सार्वजनिक इस्पितळांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. पण कर लावला म्हणून नर्स, लॅब टेक्निशियन, एक्स-रे काढणारे रातोरात तयार होत नाहीत. ते कुठून तरी आणावे लागतात, नाहीतर लहानपणापासून घडवावे लागतात.

ही झाली इस्पितळांची गरज. शाळांची अडचण वेगळीच होती, आणि ती कोर्टात होती.

काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1954 मध्ये दिला. ह्यूस्टनने तो अंगाला लावून घेतला नाही. 1956 मध्ये काळ्या पालकांनी खटला भरला, तेव्हा कुठे सप्टेंबर 1960 पासून दरवर्षी एक इयत्ता या गोगलगायीच्या चालीने शाळा एकत्र करायचं ठरलं. पहिलीपासून सुरुवात करून बारावीपर्यंत पोचायला या हिशेबाने 1971 उजाडलं असतं. कोर्टाला एवढा धीर नव्हता. 1970 मध्ये नवा आदेश निघाला आणि त्यातून एक चलाखी बाहेर आली. टेक्सासच्या सरकारी खात्यात मेक्सिकन वंशाची मुलं ‘गोरी’ धरली जात. तेव्हा काळ्या वस्तीतली शाळा आणि मेक्सिकन वस्तीतली शाळा यांची जोडी लावायची, मुलांची अदलाबदल करायची आणि कागदावर लिहायचं, एकत्रीकरण झालं. खऱ्या गोऱ्या वस्त्यांमधल्या शाळांना धक्काही नाही.

इतकी वर्षं गोरेपणाचा एकही फायदा न मिळालेल्या मेक्सिकन पालकांना हे गोरेपण झोंबलं. त्यांनी ऑगस्ट 1970 मध्ये शाळांवर बहिष्कार टाकला आणि चर्चमध्ये, समाजमंदिरांत स्वतःच्या ‘उएल्गा’ शाळा चालवल्या. उएल्गा म्हणजे स्पॅनिशमध्ये संप. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या लढ्यातून आलेली ती घोषणा होती. दुसऱ्या टोकाला, शहराच्या पश्चिमेकडच्या सुखवस्तू गोऱ्या भागाने वेस्टहाइमर नावाचं स्वतःचं वेगळं स्कूल डिस्ट्रिक्ट काढून फुटून निघायची खटपट चालवली. त्यांचा खटला पुढे अनेक वर्षं रेंगाळला आणि फसला. शिवाय उपनगरात घर घेऊन निघून जाणं कोणालाही मोकळं होतंच, आणि हजारो कुटुंबं गेली.

बसमध्ये बसवून मुलांना जबरदस्तीने दुसऱ्या वस्तीत पाठवलं तर काय होतं, ते पुढे 1974 मध्ये बॉस्टनने पाहिलं: शाळेच्या बसवर दगड आणि रस्त्यात पोलिसांचा पहारा. ह्यूस्टनच्या शाळाचालकांना तशी वेळ आधीच टाळायची होती. मग जबरदस्तीऐवजी आमिष दाखवलं तर?

कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात मॅकार्व्हर ही काळ्या वस्तीतली प्राथमिक शाळा 1968 मध्ये नव्या धर्तीवर उघडून शहरभरच्या मुलांना खुली केली होती आणि गोऱ्या पालकांनी तिथे आपणहून मुलं घातली होती. ह्यूस्टनने 1971 मध्ये असाच एक प्रयोग केला. शहरातल्या एका जुन्या ज्यू प्रार्थनामंदिरात नाचगाण्याचं आणि चित्रकलेचं हायस्कूल सुरू झालं, हायस्कूल फॉर द परफॉर्मिंग अँड व्हिज्युअल आर्ट्स. पुढे जेसन मोरान आणि रॉबर्ट ग्लास्पर हे जॅझचे पियानोवादक इथूनच निघाले. बियॉन्सेही काही काळ इथे होती. या शाळेला हद्द नव्हती. शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातलं पोर, कला दाखवून, आत येऊ शकत होतं. लोहचुंबकासारखी मुलं ओढणारी म्हणून अशा शाळांना मॅग्नेट स्कूल म्हणू लागले.

हेल्थ प्रोफेशन्स हायस्कूल हा त्यानंतर वर्षाने आलेला दुसरा प्रयोग. तो पहिल्यापेक्षा धाडसी होता, असं म्हणायला जागा आहे. गाण्याची शाळा काढली म्हणून गरीब आईबाप रागावत नाहीत. ‘धंदेशिक्षण’ म्हटलं की मात्र त्या काळी माणसं भडकत, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने केंद्राचा पैसा हायस्कुलातल्या धंदेशिक्षणाला मिळू लागला, तेव्हापासून अर्ध्या शतकात एक वहिवाट पडली होती: वकिलाच्या मुलाला लॅटिन आणि बीजगणित, हमालाच्या मुलाला सुतारकाम आणि मोटारदुरुस्ती. जॉन ड्यूईसारख्या शिक्षणतज्ज्ञाने ही फाळणी लोकशाहीला मारक आहे असं तेव्हाच बजावलं होतं, पण कारखान्यांना माणसं हवी होती. मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कुलांतून हजारो मेक्सिकन मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. आम्हाला कॉलेजची तयारी शिकवा, सारखं वर्कशॉपकडे ढकलू नका, ही त्यांच्या मागण्यांमधली एक मुख्य मागणी होती.

अशा हवेत काळ्या आणि मेक्सिकन मुलांना ‘इस्पितळातल्या कामांसाठी तयार करतो’ म्हणणं म्हणजे आगीशी खेळ. बेडपॅन उचलायला आमचीच पोरं का, असा प्रश्न कोणीही विचारला असता. शाळेचं नाव म्हणूनच मोठं हुशारीने ठेवलेलं दिसतं. ‘हेल्थ प्रोफेशन्स’मध्ये लॅब टेक्निशियन येतो, नर्स येते, दंतवैद्य येतो आणि हृदयाचा सर्जनही येतो. मधल्या पायऱ्यांवर कोणी थांबलं तरी पोटापाण्याची सोय होते. वर चढायचं तर जिना बंद केलेला नसतो. अभ्यासक्रमातही दोन्ही होतं. विज्ञान आणि गणित कॉलेजला जाणाऱ्यांच्या तोडीचं, आणि त्याच्या जोडीला वैद्यकीय परिभाषा, रुग्णाची निगा, नाडी-रक्तदाब-तापमान, सरावासाठी खाटा मांडलेला वॉर्ड, आणि वरच्या वर्गात प्रत्यक्ष इस्पितळांतून फिरती. टेक्सासमध्ये हायस्कूल म्हटलं की शुक्रवारी रात्रीचा फुटबॉल आधी आठवतो. इथे फुटबॉलची टीमच नव्हती. वैतागलेली पोरं असतीलच. पण मेडिकल सेंटर हाकेच्या अंतरावर असणं, ही दुसऱ्या कुठल्या शाळेला विकत घेता न येणारी गोष्ट होती.

बेलरच्या बाजूने या सगळ्यामागे जो माणूस होता त्याचं चरित्र या शाळेला साजेसंच होतं. मायकेल डिबेकी 1908 मध्ये लुइझियाना राज्यातल्या लेक चार्ल्स गावात जन्मला. आईवडील लेबनॉनहून आलेले. आई शिवणकामात तरबेज आणि मुलगाही तिच्याकडून शिवण शिकलेला. ह्यूस्टनमध्ये सर्जन म्हणून नाव काढल्यावर फुगलेल्या महारोहिणीच्या जागी बसवायला कृत्रिम नळी हवी होती, तेव्हा डॉक्टरसाहेब फोलीज नावाच्या दुकानात कापड घ्यायला गेले. नायलॉन संपलं होतं, दुकानदाराने डेक्रॉन दाखवलं, ते वारावर घेऊन घरी आले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर पहिल्या नळ्या शिवल्या. पन्नाशीच्या दशकातली ही गोष्ट. डेक्रॉनच्या नळ्या पुढे जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत गेल्या. हाताचं काम आणि डोक्याचं काम यांत उच्च-नीच न मानणारा हा सर्जन होता, म्हणून तो काही संत ठरत नाही. डेंटन कूली या सहकाऱ्याने 1969 मध्ये कृत्रिम हृदय परस्पर वापरलं म्हणून डिबेकीने त्याच्याशी धरलेला अबोला जवळजवळ चाळीस वर्षं टिकला.

त्याच 1969 साली बेलर मेडिकल कॉलेज बॅप्टिस्ट पंथाच्या बेलर विद्यापीठातून वेगळं झालं आणि डिबेकी त्याचा अध्यक्ष झाला. धर्मसंस्थेशी बांधलेलं राहिलं असतं तर सरकारी पैसा घेणं अवघड होतं. मोकळं झाल्यावर राज्य आणि केंद्र, दोन्हींची दारं उघडली. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजाला शहरासाठीही काही करून दाखवावं लागतं. हायस्कूलची कल्पना त्या जमिनीत रुजली.

दोन्ही प्रयोग पाहून 1975 मध्ये कोर्टाने जोड्या लावायची योजना गुंडाळली आणि तिच्या जागी ह्यूस्टनची मॅग्नेट योजना मान्य केली. आता शहरभर वेगवेगळे विषय घेऊन शाळा निघू लागल्या. पुढच्या काही वर्षांत पोलीस आणि न्यायव्यवस्थेला वाहिलेलं हायस्कूल आलं, कुशल कामगारांचे धंदे शिकवणारं बार्बरा जॉर्डन हायस्कूल फॉर करिअर्स आलं. प्रवेश देताना वंशाचं प्रमाण पाहिलं जाई आणि लांबून येणाऱ्या मुलांसाठी बसची सोय असे. 1976 पासून अशा शाळांना केंद्राचं अनुदानही सुरू झालं आणि देशभरच्या शहरांना हा तोडगा भावला. जून 1981 मध्ये फेडरल न्यायाधीशाने ह्यूस्टनमधली वंशविभक्त शाळाव्यवस्था संपल्याचं जाहीर केलं. संपली म्हणजे कायद्याच्या लेखी संपली. ज्यांच्यासाठी आमिष लावलं होतं ती गोरी कुटुंबं तोवर मोठ्या संख्येने उपनगरांत पोचली होती, आणि 1974 च्या डेट्रॉइटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने शहराच्या शाळांचा प्रश्न उपनगरांच्या गळ्यात बांधायला नकार दिला होता.

आमिष किती मोठं करता येतं, याची परिसीमा कॅन्सस सिटीने गाठली. तिथल्या न्यायाधीशाने 1985 पासून गोरी मुलं उपनगरातून परत यावीत म्हणून शहरातली सगळी हायस्कुलं, सगळी मिडल स्कुलं आणि निम्म्या प्राथमिक शाळा मॅग्नेट करायला लावल्या आणि खर्च शहराच्या स्कूल डिस्ट्रिक्टवर आणि राज्यावर टाकला. तारांगण, प्राणिघर, 25 एकरांची शेती आणि तिथे 104 माणसांची वातानुकूलित सभागृह-खोली, दुभाष्यांच्या तारा जोडलेलं संयुक्त राष्ट्रांचं नमुना-सभागृह, आणि डिझेल इंजिनं शिकवायला धूळमुक्त वर्कशॉप, ही यादी सुप्रीम कोर्टाच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे. डिझेल मेकॅनिकला धूळ लागू नये, ही काळजी वाचताना हसू आवरत नाही. खर्च दोन अब्ज डॉलरच्या घरात गेला, गोरी मुलं फारशी परतली नाहीत आणि 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने लगाम खेचला.

ह्यूस्टनची वैद्यकीय शाळा या मानाने काटकसरीची, पण तिला कॅन्सस सिटीत नव्हतं ते मिळालं होतं: दाराशी खरी नोकरी, खरे डॉक्टर, खरं कॉलेज. तिची कीर्ती वाढली. 1996 मध्ये तिला डिबेकीचं नाव दिलं गेलं. तोपर्यंत ह्यूस्टन विद्यापीठ आणि बेलर यांच्याशी जोडलेली वाटही तयार होत होती. या शाळेतल्या निवडक मुलांना पदवीच्या वर्षांतच बेलरमधल्या जागेची सशर्त हमी मिळे. अमेरिकेत मेडिकलचा प्रवेश किती दुर्मीळ असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अशा हमीचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि तिथेच शाळेचं रूप पालटलं. 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर ह्यूस्टनला भारतातून, चीनमधून, व्हिएतनाममधून, पाकिस्तानातून डॉक्टर, इंजिनिअर आणि निर्वासित येऊन स्थिरावले होते. मुलांना डॉक्टर करायचं स्वप्न या घरांत कोणाला शिकवावं लागत नाही. मराठी वाचकाला तर नाहीच नाही. 1996 च्या हॉपवुड निकालाने टेक्सासच्या विद्यापीठांतले वंशाधारित प्रवेश मोडीत निघाले आणि पाठोपाठ 1997 मध्ये गोऱ्या पालकांच्या दाव्यानंतर ह्यूस्टनच्या मॅग्नेट शाळांनीही वंशाचं प्रमाण पाहणं सोडलं. 2007 मध्ये सिएटल आणि लुईव्हिलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने देशभर तोच कित्ता घालून दिला. मग प्रवेशासाठी उरले गुण, परीक्षा आणि अर्ज. आज डिबेकी हायस्कुलात आशियाई वंशाच्या मुलांचा गट शहरातल्या त्यांच्या प्रमाणाच्या कितीतरी पट मोठा आहे. काळी आणि मेक्सिकन मुलंही आहेत, आणि त्यांतून डॉक्टर झालेलेही आहेत. शाळेने शब्द मोडला असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. पण लॅब टेक्निशियन किंवा नर्स होण्यासाठी इथे येतो, असं सांगणारं पोर आता विरळा. जिन्याच्या खालच्या पायऱ्या कोणी काढून टाकल्या नाहीत. त्यांच्यावर थांबायला कोणी तयार नाही.

थांबायला तयार असणाऱ्यांसाठी बार्बरा जॉर्डन हायस्कूल होतं. तिथे बांधकाम, मोटारी, केशकर्तन असे धंदे शिकवत. टेक्सासमधून काँग्रेसवर निवडून गेलेल्या पहिल्या काळ्या बाईचं नाव तिला दिलेलं. एकाच योजनेची ही दोन अपत्यं. एकीला प्रतीक्षा यादी लागली आणि दुसरीची पटसंख्या घसरत गेली. अखेर स्वतंत्र हायस्कूल म्हणून ती राहिली नाही, तिचं करिअर सेंटर झालं. इतर शाळांची मुलं तिथे तासापुरती येऊ लागली.

गंमत अशी की पुरावा बघितला तर तो दुर्लक्षित पायऱ्यांच्याच बाजूने जास्त बोलतो. फिलाडेल्फियातल्या एडिसन हायस्कुलात 1969 मध्ये विजेच्या कामाची ‘करिअर अकॅडमी’ निघाली होती: मोठ्या शाळेच्या पोटात छोटी शाळा, एक धंदा, आणि त्या धंद्यातल्या कंपन्यांची साथ. तो नमुना देशभर पसरल्यावर एमडीआरसी या संशोधन संस्थेने अशा नऊ अकॅडम्यांमध्ये सोडतीने प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली मिळून 1,400 हून अधिक मुलं निवडली आणि हायस्कूल संपल्यावर आठ वर्षं त्यांचा माग काढला. 2008 चा अहवाल सांगतो की परीक्षांच्या गुणांत दोन गटांत फरक पडला नाही. कमाईत पडला: अकॅडमीतली मुलं वर्षाला सरासरी 11 टक्के जास्त कमवत होती आणि त्यातल्या तरुण पुरुषांची कमाई 17 टक्क्यांनी जास्त होती. शहरी गरीब पोरांच्या हाती पैसा खेळवणारी शाळा-योजना इतक्या काटेकोर मोजणीतून क्वचितच सिद्ध झालेली आहे. ह्यूस्टनच्या प्रवेश-अर्जात मात्र महत्त्व राहिलं ते ज्यात फरक पडला नाही त्या गुणांना.

2008 मध्येच डिबेकी वारला, शंभरीला दोन महिने कमी असताना. त्याच्या अडीच वर्षं आधी त्याची स्वतःची महारोहिणी फाटली होती आणि त्यानेच शोधलेल्या शस्त्रक्रियेने त्याला वाचवलं होतं. त्याच्या नावाची शाळा 2017 मध्ये नव्या इमारतीत गेली, तीही परत मेडिकल सेंटरमध्येच.

दरम्यान बेलरने आणखी एक शाळा काढली, या वेळी सहावी ते आठवीची. जागा निवडली थर्ड वॉर्ड या जुन्या काळ्या वस्तीतली. ही इमारत 1926 मध्ये जॅक येट्स हायस्कूल म्हणून बांधली गेली होती. वेगळ्या शाळांच्या काळात काळ्या मुलांसाठी ह्यूस्टनने काढलेलं ते दुसरं हायस्कूल. येट्स दुसरीकडे हलल्यावर तिथे त्याच्या पहिल्या मुख्याध्यापकाच्या, रायनच्या, नावाने मिडल स्कूल भरू लागलं. पटसंख्या फार घटली म्हणून 2013 मध्ये, वस्तीच्या विरोधाला न जुमानता, रायन मिडल स्कूल बंद झालं आणि त्याच उन्हाळ्यानंतर तिथे बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन अकॅडमी अ‍ॅट रायन सुरू झाली. रायनमधल्या मुलांची सोय कलन मिडल स्कूलमध्ये करण्यात आली. नव्या शाळेत यायचं असेल तर थर्ड वॉर्डच्या मुलांनीही, शहरातल्या इतर कोणाहीप्रमाणे, अर्ज करायचा होता.